विमान जाईपर्यंत

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात पदरचं मी काहीच घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय, तेही भर दुपारी.

मावशी घरीच शिवणकाम करते. पडदे, उशांचे अभ्रे, पँटची चेन बदलणं, अशी कामं. विमानतळ तिथून बराच लांब. पण उतरणारी विमानं नेमकी तिच्या छपरावर खाली यायची, तिथं थोडा वेळ सपाट उडायची आणि मग पुढं उतरायची. सपाट उडताना इंजिनाला जोर द्यावा लागतो. कानठळ्या बसायच्या. विमान आलं की घरातलं बोलणं जागच्या जागी थांबायचं.

थांबायचे नाहीत ते फक्त काका.

विमान डोक्यावर असताना त्यांचे ओठ हलत राहायचे आणि मावशी मान डोलवायची.

"काय म्हणतात गं ते?" मी एकदा विचारलं होतं.

"देव जाणे. मी आपली हो म्हणते. संसार चाललाय ना?"

हिवाळ्यात काका झोपेतच गेले. मावशी रडली नाही. आठवड्याभरात पुन्हा मशीनवर बसली.

नंतर विमानतळाचा नियम बदलला. आता विमानं लांबूनच, उंचावरून, एकाच उतारानं खाली येणार. मध्ये सपाट उडणं नाही, इंजिनाला जोर नाही. घसरगुंडीवरून उतरल्यासारखं. शेजारच्या मास्तरांनी तर खिडकीच्या फटीत कोंबलेला कापूस काढून फेकला.

त्या पहिल्या दुपारी मावशी एका पडद्याला दुमड घालत होती. अंगणातून विमानाची सावली सरकली. आवाज जेमतेम, वाऱ्यासारखा.

आणि जेवणाच्या टेबलापाशी कुणीतरी...

घसा खाकरला.

मावशीचा पाय मशीनवरच थांबला.

टेबलाला तीन खुर्च्या. एक तिची, एक काकांची. तिसरी भिंतीकडची, कायम रिकामी.

"आज बोलत नाहीस?"

त्या तिसऱ्या खुर्चीतून.

आवाज बाईचा की पुरुषाचा, सांगता येईना. ओळखीचा तर मुळीच नव्हता. सावली पुढं गेली आणि सगळं शांत झालं.

तेव्हा मावशीच्या ध्यानात आलं. विमानाच्या आवाजात बोलताना काकांची नजर तिच्यावर कधीच नसायची. जराशी बाजूला असायची. भिंतीकडे...

ते तिच्याशी बोलतच नव्हते.

"भीती नाही वाटली?" मी तिला विचारलं.

"वाटायला हवी होती. पण हे गेल्यापासून काही वाटतच नाही रे. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं झालंय."

पुढच्या विमानाला पुन्हा तोच प्रश्न. त्याच्या पुढच्यालाही. शेवटी ती कंटाळली.

"ते गेले," तिनं सांगून टाकलं.

तिनं पुन्हा मशीनवर पाय ठेवला. मग...

"मग तू बोल."

हे कळल्यावर मी तिला आमच्याकडे न्यायला गेलो. ती तयार होईना.

"एवढी शिलाई अर्धी टाकून कुठं येऊ? आणि तुम्ही सगळे दिवसभर बाहेर. तिथं माझ्याशी बोलणार कोण?"

आम्ही टेबलाशी चहा घेत होतो. मी काकांच्या खुर्चीत. तेवढ्यात अंगणात सावली आली.

मावशी भिंतीकडे वळली. तिचे ओठ हलायला लागले.

विमान गुपचूप चाललं होतं. पंख्याची घरघर ऐकू येत होती. मोरीतला नळ ठिबकत होता, तोही ऐकू येत होता. मावशीचा आवाज मात्र...

नव्हता.

हाताच्या अंतरावर बसून मला एक शब्द ऐकू आला नाही. ती मध्ये थांबत होती, ऐकत होती, परत बोलत होती. एकदा माझ्याकडे बोट दाखवून हसलीसुद्धा.

सावली सरली. तिनं माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

"काय बोललीस?" मी विचारलं.

"काही नाही रे. तू कोण, कुठं राहतोस, विचारत होतं."

"मग?"

"सांगितलं."

माझं घर विमानांच्या वाटेवर नाही. तरी हल्ली दुपारी एकटा असलो की मी रेडिओ मोठ्यानं लावून ठेवतो. बंद करायचा धीर होत नाही.