सहा नंबरच्या वळणावरची हजेरी

ही घटना खरी आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही, माझ्या सख्ख्या मावशीची आहे. ज्यांना भूत फक्त अमावास्येला आणि पिंपळावरच लागतं, त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. कारण हे घडलं भर दुपारी, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, शेकडो माणसांच्या देखत.

फेब्रुवारी १९९९. शुक्रवार.

जागा, शारजा मागे टाकून उम्म अल कुवैनकडे जाताना लागणारं वाळवंट. तिथे तेव्हा एक अंडाकृती ट्रॅक होता. त्यावर स्टॉक कारच्या रेसेस व्हायच्या. दिसायला साध्या मोठ्या अमेरिकन गाड्या, पण आतून पार सोलून काढलेल्या, पोटात लोखंडी पिंजरा बसवलेल्या. एकमेकींना घासत, ढुशा देत त्या गोल गोल पळायच्या. ड्रायव्हर पगारी, बाहेरून आणलेले.

आणि ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उन्हात उभे राहणारे मार्शल? ते फुकटचे. हौशी. आपल्यासारखेच नोकरदार.

माझे मधूकाका, म्हणजे शोभनामावशीचे यजमान, त्यातले एक. आठवडाभर दुबईत कुसैसच्या एका ऑफिसात एअर कंडिशनिंगची ड्रॉइंग्ज काढायचे आणि शुक्रवारी सहा नंबरच्या वळणावर झेंडा घेऊन उभे राहायचे. मावशी वर कंट्रोल टॉवरमध्ये वायरलेसवर. रेस सुरू होण्याआधी सगळ्या पोस्टची हजेरी घ्यायची, हे तिचं काम.

"पोस्ट फाइव्ह?"

"फाइव्ह, रेडी."

"पोस्ट सिक्स?"

"सिक्स, तयार."

सगळे 'रेडी' म्हणायचे. मधूकाका एकटे 'तयार' म्हणायचे, कारण हजेरी घेणारी बायको होती. त्यावरून टॉवरमध्ये दर वेळी हशा पिकायचा. मावशी वरून डोळे वटारायची, पण तिलाही ते आवडायचं.

मार्शल लोकांचे दोन नियम होते. ते नीट ध्यानात घ्या.

रेस डायरेक्टरने परवानगी दिल्याशिवाय ट्रॅकवर पाऊल टाकायचं नाही. आणि डायरेक्टरने 'स्टँड डाउन' म्हटल्याशिवाय पोस्ट सोडायची नाही. मग रेस संपो, नाहीतर आभाळ कोसळो.

मधूकाका नियमाचे इतके पक्के की रस्त्यावर एकही गाडी नसली तरी सिग्नलवरचा हिरवा माणूस लागेपर्यंत उभे राहायचे. त्यांची लेक ईशानी कंटाळून त्यांचा हात ओढत राहायची.

आदल्या वर्षी, म्हणजे ९८ साली, एका शुक्रवारी ईशानीला ताप भरला. मावशी घरी राहिली. त्या दिवशी वायरलेस स्वतः रेस डायरेक्टरने सांभाळला.

विजयकुमार. आपलाच माणूस, पुण्याचा. गणपतीत मावशीच्या घरी येऊन मोदक हाणून गेलेला.

त्या दुपारी मधूकाका गेले.

सहा नंबरच्या वळणावर एका गाडीचा बंपर तुटून पडला होता. काका तो उचलायला ट्रॅकवर गेले आणि मागून येणाऱ्या गाडीने त्यांना उडवलं. असं काही पडलं की डायरेक्टरच्या हुकमाने पिवळा झेंडा दाखवून सगळ्या गाड्या सावकाश करायच्या असतात. त्या दिवशी झेंडा उठलाच नाही.

रेस भरवणाऱ्या कंपनीने सांगितलं, मार्शल परवानगी न घेता ट्रॅकवर गेला. चूक त्याचीच.

मावशीला हे कळलं तेव्हा ती रडली नाही. ती पेटली.

लहानगी ईशानी एवढंच म्हणाली, "आई, दे आर लाइंग. बाबा नेव्हर क्रॉस्ड विदाउट द ग्रीन मॅन."

सहा वर्षांच्या पोरीला जे कळत होतं ते कुणी बोलायला तयार नव्हतं. वायरलेसचं चॅनल एकच. काकांनी काय विचारलं आणि विजयकुमारने काय उत्तर दिलं, ते प्रत्येक पोस्टवर ऐकू गेलं असणार. मावशी दारोदार फिरली. पाच नंबरवर उभा असलेला रफिक, काकांचा जिवलग दोस्त, त्याने खाली मान घालून दार लावून घेतलं. अर्धे मार्शल एरवी विजयकुमारच्याच कंपनीत नोकरीला, व्हिसाही तिचेच. व्हिसा दुसऱ्याच्या हातात असला की माणसाच्या तोंडाला आपोआप कुलूप लागतं.

वर्षभर मावशी तो डाग उरावर घेऊन जगली. देवळात, भिशीत, शाळेच्या गेटवर तिने तेच ऐकलं. अरेरे, वाईट झालं, पण चूक त्यांचीच होती म्हणे.

आणि मग नव्या सीझनच्या पहिल्या रेसआधी विजयकुमारचाच फोन आला.

"वहिनी, आपण मधूसाठी एक मिनिट सायलेन्स ठेवतोय. स्पॉन्सर्स आहेत, प्रेस आहे. तुम्ही या. हजेरी तुम्हीच घ्या, लोकांना बरं वाटेल."

केवढा निर्लज्जपणा! गाय मारून जोडे दान करायचे म्हणतात ते हेच.

मावशी "येते" म्हणाली. तिने मनाशी ठरवलं होतं. सगळ्या चॅनलवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला विचारायचं... त्या दिवशी तू काय बोललास?

जुम्म्याची नमाज आटोपली, लोक जमले. एक मिनिट शांतता पाळली गेली. फोटो निघाले. विजयकुमारने चष्मा काढून कोरडे डोळे पुसले. मावशीने दात आवळून ते पाहिलं.

मग ती वायरलेससमोर बसली. सहा नंबरची पोस्ट आता बंद केली होती. तिथे नुसती वाळूची पोती रचलेली होती. पाचनंतर सरळ सात.

"पोस्ट फोर?"

"फोर, रेडी."

"पोस्ट फाइव्ह?"

"फाइव्ह, रेडी, भाभी." रफिकचा आवाज पडलेला होता.

"पोस्ट सिक्स?"

सवयीने निघून गेलं तोंडातून. मावशीने जीभ चावली.

वायरलेसवर खरखर...

मग ती खरखरही थांबली...

"सिक्स, तयार."

आवाज मधूकाकांचा.

दुसऱ्या कुठल्याही पोस्टवरून कुणी बोललं की मागे इंजिनांची घरघर ऐकू यायची. एवढ्या गाड्या खाली धडधडत उभ्या होत्या. पण या आवाजामागे काहीच नव्हतं. वारासुद्धा नाही.

"कोण चेष्टा करतंय?" विजयकुमार ओरडला. "रफिक, सिक्सवर कोण आहे?"

"कोई नहीं है सर. मैं देख रहा हूँ. वहाँ कोई भी नहीं है."

"हॅरॅसमेंट आहे ही. यल्ला, स्टार्ट करा."

रेस सुरू झाली. गाड्या सुटल्या, टॉवरच्या काचा थरथरायला लागल्या. मावशी तिथून उठली नाही. तिला भीती वाटत होती की नाही, हे तिला आजही सांगता येत नाही. राग मात्र आठवतो. ती म्हणते, "अंगातून वाफा निघत होत्या माझ्या."

रेस अर्ध्यावर आली असेल...

आणि गाड्यांचा आवाज गेला.

गाड्या पळत होत्या. धूर दिसत होता. पण टॉवरमध्ये आवाज नाही. कुणीतरी कानावर उशी दाबावी तसं झालं.

त्या शांततेत वायरलेस बोलला.

"कंट्रोल, सिक्स. ट्रॅकवर बंपर पडलाय. यलो द्या."

मावशीने वळणाकडे पाहिलं. ट्रॅक स्वच्छ होता.

थोडा वेळ गेला...

"कंट्रोल, सिक्स. यलो देणार नसाल तर मी उचलायला जाऊ का? परमिशन?"

विजयकुमारने वायरलेसचं बटण बंद केलं. लाल दिवा विझला.

"कंट्रोल... जाऊ का?"

दिवा विझलेलाच होता.

तेवढ्यात सगळ्यात पुढच्या गाडीने सहा नंबरवर करकचून ब्रेक मारला. मागच्या गाड्याही वेग कमी करायला लागल्या. त्या ड्रायव्हरने नंतर सांगितलं, कडेला एक माणूस उभा होता. एक पाय ट्रॅकच्या काठावर. गाड्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो टॉवरकडे बघत होता.

मावशी उठली आणि विजयकुमारसमोर जाऊन उभी राहिली.

"उत्तर द्या."

"वहिनी, प्लीज..."

"ते परवानगी मागतायत. मागच्या वेळी दिलं होतंत ना उत्तर? आता का दातखीळ बसली?"

"कंट्रोल... जाऊ का?"

विजयकुमारने माइक खेचला. शर्ट घामाने भिजला होता. त्या बंद वायरलेसवर तो किंचाळला.

"नको! मधू, जाऊ नकोस! चुकलं माझं, या वेळी मी जा म्हणत नाहीये. या वेळी यलो देतो. तू तिथेच थांब. मी सांगेपर्यंत हलू नकोस!"

झालं. बोलून गेला.

वायरलेस बंद होता, तरी प्रत्येक पोस्टवर ते शब्द ऐकू गेले. कसे, ते मला विचारू नका. रफिकने ऐकले, सात नंबरवाल्याने ऐकले, पार पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्यांनीही ऐकले.

मग...

"कॉपी. थांबतो."

आणि गाड्यांचा आवाज धाडकन परत आला. टॉवरमधल्या दोघांनी कान दाबून घेतले.

रेस थांबवावी लागली. मावशीने माइक हिसकावून घेतला.

"अहो, मी बोलतेय. ऐकलं सगळ्यांनी. खलास. झालं आता, तुम्ही या."

नुसती खरखर.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिचं काम फक्त हजेरी घेण्याचं. पोस्ट सोडायचा हुकूम डायरेक्टरचा. आणि मधूकाका नियमाचे पक्के.

ती विजयकुमारकडे वळली. "स्टँड डाउन म्हणा. दोनच शब्द. त्यांना मोकळं करा."

पण खुर्ची रिकामी होती. माणूस जिना उतरून पळाला होता. चार दिवसांत त्याने दुबई सोडली.

त्या संध्याकाळी रफिक आणि त्याची बायको साजिदा मावशीकडे आले. रफिक सोफ्यावर बसलाच नाही, दाराशी उभा राहून बोलला. "भाभी, उस दिन मैंने सब सुना था. मधूभाई ने तीन बार येलो माँगा. साब ने बोला, टीव्ही पे लाइव है, रेस नहीं रुकेगी, भाग के उठा ले. हम सबने सुना था."

मावशी म्हणाली, "मेलेला माणूस बोलला तेव्हा तुम्हाला कंठ फुटला होय?"

रफिक रडायला लागला. मावशीने त्याला पाणी दिलं, पण माफ केलं नाही. आणि मला विचाराल तर बरोबर केलं.

नंतर बाकीचेही बोलले. मग देवळात, भिशीत कुणी काकांची चूक काढली नाही. पुसायचा होता तो डाग पुसला गेला. पण मावशीच्या मनात दुसरंच घर करून बसलं होतं.

ती विजयकुमारला फोन करत राहिली. पुण्याचा नंबर तिने कुठून कुठून मिळवला. तिचा आवाज ऐकला की तो ठेवून द्यायचा. तिला त्याच्याकडून माफी नको होती, काही नको होतं. त्याने एकदा इकडे यावं, त्या वळणावर उभं राहावं आणि ते दोन शब्द म्हणावेत, एवढंच. तेवढं त्याच्याकडून झालं नाही.

ट्रॅक पुढे मोडला. त्या जागी गोदामं झाली. सहा नंबरचं वळण होतं तिथल्या गोदामात वॉचमन टिकत नाहीत, एवढं रफिकने एकदा सांगितलं. मावशीने पुढे काही विचारू दिलं नाही.

२००३ साली मावशी दुबईतच करामाला आमच्या घरी जेवायला आली होती. पुण्याहून आईला फोन आला. विजयकुमार वारला. झोपेतच गेला, काही त्रास झाला नाही. फोनवरचा माणूस म्हणाला, पुण्यवान माणूस.

आईने फोन ठेवून हळूच ते मावशीला सांगितलं.

मावशी ताटावरून उठली. बेसिनशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिली. नळ चालूच होता.

"सुखाने मेला," ती म्हणाली. "आणि माझ्या माणसाला तिथेच थांब म्हणून सांगून गेला. आता त्यांना कोण सोडवणार गं?"

आईने पुढे होऊन नळ बंद केला.