तिजेला आलेला तपासनीस

कनेरगाव नाक्यावर शिला पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यावर बसली होती. उभं राहायचं त्राणच उरलं नव्हतं. श्रावणाची भुरभुर चालू होती आणि तांड्याकडे जाणारा ऑटो भरल्याशिवाय हलायचं नाव घेत नव्हता.

"पत्रावळ्या पळसाच्याच हायेत ना?"

तिनं मान वर केली. समोर मोटरसायकलवर एकजण होता... भिजलेला, दाढी वाढलेला, डोळे जागरणानं ओढलेले. पण हसू मात्र ताजं.

"काहून? जेवायला येता का?"

"जेवायचं तर हायच. पण आधी तपासायचंय. मी प्रेमदास पवार, जिल्ह्याच्या हापिसातून. इकडच्या कोण्या तांड्यानं तिजेसाठी सरकारी मदत मागितली म्हणे."

शिला ताडकन उठली. "आमीच!"

गावोगावचे उत्सव सुरक्षित व्हावेत, प्लास्टिकचा कचरा कमी व्हावा म्हणून सेवाभावी मंडळांना सरकार मदत देत होतं. तांड्याच्या मंडळाची सचिव शिला राठोड. आख्खा उन्हाळा तिनं त्यासाठी हापिसांचे उंबरे झिजवले होते. मागच्या साली विसर्जनाला तलावाच्या शेवाळल्या पायरीवरून एक पोरगी पाण्यात गेली होती. वाचली, पण शिलाला ती किंकाळी अजून ऐकू यायची. तिला तिथं कठडा हवा होता, म्हणून मंडळानं उसने पैसे काढून तो बसवला होता. तपासनीस पास म्हणाला तरच मदत मिळणार होती.

प्रेमदासनं तिला गाडीवर घेतलं. गठ्ठा दोघांच्या मधे बसला.

"हे मधे काय?" तो ओरडला.

"सुरक्षा!" शिला मागून म्हणाली. "तुमचीच अट हाय ना?"

तीज हा कुमारिकांचा सण. टोपलीत गहू पेरायचे, रोज पाणी घालायचं, फेर धरून गायचं आणि शेवटच्या दिवशी हिरवेगार कोंब खुडून टोपल्या तलावात सोडायच्या. शिला लहानपणापासून पेरत आली होती. तिच्या बरोबरीच्या पोरी आता कडेवर लेकरं घेऊन बघायला यायच्या. धाकटी बहीण निताही सासरी गेली. स्थळं आली, पोहे खाऊन गेली; कुणाला तिचं शिक्षण जास्त वाटलं, कुणाला वय. ती आता रडतही नव्हती. नुसती दमली होती. दरवर्षी आईनं, मिराबाईनं, टोपली पुढं केली की ती मुकाट्यानं हातात घ्यायची.

प्रेमदास त्या आठवड्यात पुन्हापुन्हा आला. कधी कठड्याचे खांब हलवून बघायला, कधी उघड्या वायरी बघायला. विसर्जन रात्री नाही, उजेडी करायचं, हे त्यानं तांड्याला पटवलं. थर्माकोलच्या प्लेटा परत पाठवल्या. एकदा काम संपल्यावर दोघं पायरीवर बसले.

"दमला न्हाई का तुमी?" तिनं विचारलं.

"श्रावणभर लोकायचे सण, अन् माझ्या नशिबी त्यायच्या वायरी," तो म्हणाला. "दमतो ना. इथं आलं की मात्र बरं वाटून राहिलं."

मग त्यानं एकदम गोरमाटीत, तांड्याच्या बंजारा बोलीत, विचारलं, तुमचं गोत कोणतं? तिनं चमकून पाहिलं. साखरा गावाच्या पलीकडचा, आपल्यातलाच निघाला की हा!

"राठोड."

"आमी पवार. म्हंजे... जमतंय."

"काय जमतंय?"

"कठडा," तो घाईनं म्हणाला. "बराबर जमतोय."

तिला किती दिवसांनी हसू आलं. आणि हसता हसता हा माणूस आपल्याला आवडलाय हे तिला कळून चुकलं.

शेवटच्या दिवशी सगळं उजेडी पार पडलं. एकही पाय घसरला नाही. पोरी कोंब खुडताना रीतीप्रमाणं गळ्यात पडून रडल्या. पांढऱ्या पगडीतले हरिचंद नायक, तांड्याचे प्रमुख, अगदी खुशीत होते.

"साहेबाचा मान करा!" ते गरजले. "शिला, डोक्याला रुमाल बांध त्यांच्या, अन् तीज खोव!"

पोरगी ज्याच्या पगडीत तिजेच्या कोंबांचा तुरा खोवते, तो तिचा भाऊ होतो. जन्माचा. नायकांना काय माहीत तिच्या मनातलं? आणि नायकांचा शब्द कोण मोडणार? चला, हेही झालं एकदाचं... तिनं ओठ आवळून तुरा उचलला.

प्रेमदास एक पाऊल मागं सरला. "न्हाई नायक. हे न्हाई चालायचं."

डफ थांबला.

"तांड्याचा मान नको तुमाले?"

"मान पाहिजे," तो म्हणाला. "पण... भाऊ नको. रिपोर्ट मी सकाळीच धाडला, तुमी पास झाले. आता साहेब म्हणून बोलून नाही राहिलो. शिला, आधीच विचारणार व्हतो मी तुमाला. धीरच होईना."

बायकांत खसखस पिकली. मिराबाईनं पदर डोळ्यांना लावला. शिलाचा हात तुऱ्यासकट तसाच हवेत होता.

मग ती वळली. सख्खा भाऊ तिला नव्हताच. तिनं तो तुरा नायकांच्या पगडीत खोवला.

"आजपासून तुमी माझे भाऊ," ती म्हणाली. "बहिणीची बोलणी करायला बसा आता."

नायक असे हसले की पगडी सावरावी लागली.

"आजच बसू का?" प्रेमदास हळूच म्हणाला.

"आज नको," शिला म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि तिनं ते पुसले नाहीत. "आज लई दमले हो मी. उद्या या... तुमच्या आईला घेऊन या."