कोठडीतला नौफल

बाबांची वेलचीची कॉफी संपली होती, म्हणून मी दुकानात गेले होते. एवढंच निमित्त. युद्धातून पळून आम्ही आलो त्या उत्तरेकडच्या माल्मोत हिवाळ्यात चारलाच काळोख पडतो. परत आले तर बाबा अंथरुणात उठून बसलेले, दाराकडे टक लावून.

“रुदैना, कडी काढू नकोस... ते आलेत.”

“कोण ते? एवढ्या बर्फात कुत्रंसुद्धा बाहेर नाही, बाबा.”

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. पुष्कळ हातांच्या. फटीतून हुक्क्याचा वास आला, आणि ओल्या चुन्याचा.

माझे बाबा अलेप्पोचे हकवाती, कॉफीघरात उंच खुर्चीवर बसून, काठी आपटत कथा सांगणारे. तसा गळा उभ्या शहरात नव्हता, आणि हे मी लेक म्हणून नाही सांगत. नायक ऐन संकटात सापडला की ते पोथी मिटायचे, म्हणजे दुसऱ्या संध्याकाळी लोक हमखास येणार. त्या शेवटच्या संध्याकाळी त्यांनी कथेतल्या अमीर नौफलला कोठडीत टाकलं. अबू जद्आन खाटीक तर हातापाया पडला, “आज सोडव रे त्याला, मला झोप लागायची नाही!” बाबा हसले. “उद्या,” म्हणाले आणि घरी आले. नौफल सुटेपर्यंत उठणार नाही म्हणून अठराजण तिथेच हटून बसले. रात्री कॉफीघरावर बॉम्ब पडला.

आता बाबांना कधीकधी माझं नावही आठवत नसे, कथा कुठली आठवायला!

“हकवाती... नौफलला सोडव रे...” बाहेरून घोगरा आवाज आला. अबू जद्आनचाच.

बाबा रडायला लागले. “पुढचं आठवत नाही गं, पोरी... त्याला सोडवल्याशिवाय हे मला सुखानं मरू देणार नाहीत.”

मला आठवत होतं. पडद्याआड बसून मी अख्खी कथा पाठ केली होती. पण हकवातीची काठी आमच्यात कुठल्या बाईनं कधी धरली नव्हती. मी धरली. दारासमोर खुर्ची ओढली आणि काठी तीनदा आपटली, बाबांसारखीच.

पहिलं वाक्य कसंबसं निघालं, आणि थापा थांबल्या. मग मी थांबलेच नाही. बेड्या तुटल्या, पहारेकरी पळाले, नौफल घोड्यावर बसला. बाहेर अठरा गळ्यांतून एकदम “अल्लाह!” उठलं. मग पावलं दूर गेली.

“माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंस की गं, गाढवे!” बाबा म्हणाले. आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. पहाटे ते झोपेतच गेले.

दफन झालं त्या दिवशी चार वाजता मी एकटीच बसले होते. तोच वास आला. या वेळी थापा नव्हत्या. बाहेरून काठी तीनदा आपटली, अगदी बाबांच्या हातची.

काठी तर माझ्या मांडीवर होती.

“पोरी...” दाराआडून बाबा म्हणाले, “पुढे काय झालं?”