पारखीचा हिरवा दिवा

बर्फातल्या चौकीवर मुका होणारा लष्करी रेडिओ आजोबांच्या कार्यशाळेत आला की घडाघडा बोलायचा. हे कसं, ते सावनीला उमगत नव्हतं. आताही ‘पारखी’चा हिरवा दिवा लागला. पारखी म्हणजे आजोबांनी घडवलेलं स्वयंचलित चाचणीयंत्र (रेडिओला स्वतःच संकेत पाठवून आलेलं उत्तर ताडून पाहणारं यंत्र).

“निर्दोष,” पारखी म्हणाला.

सावनीचा चेहरा उतरला. हा रेडिओ आधी तिचा शंतनूमामा चालवायचा, आजोबांचा मुलगाच. ‘निर्दोष’ हाच शेरा दरवेळी चौकीवर गेला, तेव्हा वरिष्ठांनी दोष मामाच्या हाताला लावला आणि त्याला शिधाकोठीत बसवलं. शेऱ्याखाली सही आजोबांची होती. आता चालवणारा नवा होता, तरी रेडिओ परत आलाच होता.

“मामा खोटं बोलत होता का, आजोबा?”

आजोबांनी हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. तो दिवा म्हणजे त्यांना देवाचा कौल वाटे.

“पारखी, तू रेडिओ कधी तपासतोस?” सावनीने विचारलं.

“उबदार कपाटात सुकवल्यावर.”

ती कार्यशाळेची रीतच होती. दमलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यावं, तशी बर्फातून आलेल्या यंत्राला आधी ऊब द्यायची.

“म्हणजे गारठलेला असताना त्याला कुणी काही विचारलंच नाही.”

 आजोबांनी रेडिओ शीतपेटीत ठेवला आणि पारखीला संकेत पाठवत राहायला सांगितलं. तापमान उतरत गेलं. चौकीवरच्या थंडीइतकं खाली आलं, तसा दिवा लाल झाला.

“डाखाला चीर गेलीय,” आजोबा हळू म्हणाले. (डाख म्हणजे दोन तारा जोडणारा वितळवलेल्या धातूचा थेंब.) “थंडीत वस्तू आकसतात, पण सगळ्या सारख्या नाहीत. त्या ओढाताणीत चीर उघडते, संकेताची वाट तुटते. ऊब मिळाली की चीर मिटते. आपण लाड करून त्याचं दुखणंच झाकत होतो गं.”

“तू सांगितलं का नाहीस, पारखी?”

“मला थंडीत विचारलं नव्हतं.”

आता पारखी प्रत्येक यंत्राला त्याच्या मुक्कामाची थंडी, ऊन, हादरे देऊनच तपासतो. आजोबांनी आपली चूक वरिष्ठांना कळवली, पण मामाची जागा भरलेली होती. दुरुस्त होऊन चौकीवर गेलेल्या रेडिओवरून कार्यशाळेत पहिला आवाज आला तो परक्याचाच.

“नवा ऑपरेटर बोलतोय. शंतनू उस्ताद शेजारी आहेत. संध्याकाळी कोठीतलं काम उरकून मला शिकवायला येतात.”

आजोबांनी माईक जवळ ओढला. “शंतनू, मी आधी तुला विचारायला हवं होतं रे.”

खरखरीत माईक दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

“आता विचारा ना, बाबा,” मामा म्हणाला. “इथे थंडी अजून पुष्कळ आहे.”