लाल गाडीचा आवाज

दूध करपल्याचा वास घरभर पसरला होता आणि बाबा शेगडीला खेटून बसून निवांत पाव खात होते.

"बाबा, नाक जागेवर आहे ना?" लेकीने पातेलं उतरवत विचारलं.

"जागेवर आहे, कामावर नाही." पेट्रोल आणि धुराने त्यांची वास घेण्याची शक्ती केव्हाच मारून टाकली होती.

बाबा शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं जुळवून द्यायचे. धाकटा भाऊ, म्हणजे काका, त्यांचा भागीदार. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चाचणीच्या खोलीत दोन स्पोर्ट्स गाड्यांची तुलना व्हायची होती. निकाल बाबा देणार, आणि गाडीशौकिनांचं मंडळ तो छापणार.

"फरक काय हो दोघींत?" तिने विचारलं. इंजिनातलं तिला फारसं कळत नसे, पण बाबा बोलायला लागले की चेहरा उजळायचा, तेवढ्यासाठी ती विचारायची.

"दोघींना श्वास जास्त हवाय. पांढरी श्वासाची नळी बदलते. सावकाश चालताना लांब वाटेने हवा घेते, वेग वाढला की आतली झडप उघडते आणि जवळच्या वाटेने घेते. उठल्या उठल्या ओरडायलाही तयार. लाल राणीचं तसं नाही. ती श्वास कधी आणि किती घ्यायचा तेच बदलते. व्हॉल्व्ह जास्त उघडते, जास्त वेळ उघडे ठेवते. पण तेलाच्या दाबावर चालतो तिचा कारभार. अंगात ऊब येईस्तोवर नखरे नाहीत, नुसती गुरगुर."

"पांढरीचा तो हवेचा डबा, नळी आणि झडपवाला, काकाने केलाय ना?"

"हं." बाबांनी कपात पाहिलं. "आवाज छान करतो."

"आणि ताकद?"

"उद्या मोजू. चुकलं असेल तर दुरुस्त करून देईन. भाऊ आहे."

काकाचं बिघडलेलं काम बाबांनी निस्तरायचं, ही घराची रीतच होती. लेकीच्या ओठांवर एक वाक्य आलं. तिने ते गिळलं आणि कप विसळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबा चाचणीच्या खोलीत लाल गाडीशेजारी मरून पडलेले सापडले. धुराने घुसमटून.

सगळे म्हणाले, अपघात. लेक म्हणाली, नाही. आणि तिने चिमटाबाईंना बोलावलं.

चिमटाबाई पूर्वी विमा कंपनीसाठी अपघात तपासायच्या. बोलणं कमी आणि पकड घट्ट, म्हणून हे नाव. सोबत निवृत्त झालेले गुरांचे डॉक्टर. मनाने सज्जन, डोक्याने सावकाश.

"संशय कशावरून?" बाईंनी विचारलं.

"बाबा आत गेले की काका बाहेरून धूर ओढणारा पंखा लावायचा. बटण बाहेर, ऑफिसच्या भिंतीवर आहे. बाबांच्या कानांवर आवाज अडवणारे जाड मफ, नाकाला वास येत नाही. पंखा फिरतोय की नाही हे त्यांना कळायचं ते फक्त काकावरच्या विश्वासाने."

"बाप रे!" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे दोरी दुसऱ्याच्या हातात देऊन विहिरीत उतरायचं!"

काका ऑफिसात बाबांच्याच खुर्चीत बसला होता. डोळे पुसायचा आणि त्याच हाताने काडीपेटीतली काडी घेऊन दात कोरायचा. काडीच्या टोकाला आलेलं त्याने निरखून पाहिलं आणि टेबलाच्या कडेला पुसलं. लेक टेबलापासून दोन पावलं मागे सरली.

"काय सांगू बाई! सकाळी आम्ही दोघांनी मिळूनच कार्यशाळेचं शटर उघडलं. दादाने माझ्यादेखत किल्ली फिरवली. गाडी रात्रभरची गार, पण पहिल्याच फटक्यात लागली. मीच पंखा लावला."

"मग?"

"मग दादाने लगेच रेस दिली. गाडी चढत गेली आणि आवाज बदलला! एकदम मोकळा घसा! अजून कानात आहे." त्याने डोळे मिटले. "काचेतून हात केला त्याने मला. मी पांढरीचं सामान आणायला गेलो. मागे पंखा जळाला असणार."

"रेस दिली तेव्हा गाडी किती वेळ चालू होती?"

"वेळ कसला? लावली आणि दिली."

"पंखा तेव्हा फिरत होता?"

"गरगर! बाळ, तूच सांग यांना, काका कधी चुकलाय का?"

लेक दाराकडे वळली.

लाल गाडीचा मालक शर्यतवाला तरणाबांड आणि तोंडाळ होता.

"आदल्या दिवशी दादांशी तुमचं भांडण झालं होतं," बाई म्हणाल्या.

"झालं होतंच! मी म्हटलं, अहो, गाडी लावा आणि पळवा. तर म्हणे, थंड इंजिन ताणणं म्हणजे झोपलेल्या माणसाला मॅरेथॉनला उभं करणं. अर्धी सकाळ गाडी तापवत बसायचे. देवमाणूस होता, पण कंटाळा आणायचा." मग त्याचा आवाज खाली आला. "खोलीचं दार आतून लावलेलं, म्हणून मीच काच फोडून आत गेलो. धूर असा की हात दिसेना. मी बाहेरचं बटण दाबलं, पंखा सुरू केला, तेव्हा कुठे दिसायला लागलं."

"जळालेला पंखा सुरू झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"जळाला कुठे? बटण बंद होतं. दाबलं, फिरला."

भिंतीपलीकडे शिंप्याचं दुकान होतं. सुईत दोरा ओवता ओवताच तो बोलला.

"यांचा पंखा लागला की माझी भिंत थरथरते, खिळ्यावरची कात्री वाजते. त्या सकाळी कात्री मुकी होती. गाडीची मात्र घरघर चालू होती, एकसुरी. शेवटपर्यंत तीच. मग काच फुटली आणि बोंब उठली."

"मधे आवाज चढला नाही?"

"चढला असता तर माझी टीप वाकडी गेली असती. नेहमी जाते."

पुढच्या सकाळी बाईंनी सगळ्यांना कार्यशाळेच्या उघड्या अंगणात उभं केलं. फाटकाशी एक फौजदार घड्याळ पुसत उभा होता. दोन्ही गाड्या रात्रभर बाहेर थंड पडल्या होत्या.

"हा काय तमाशा?" काका म्हणाला. "आणि त्या शिंप्याचं काय ऐकता? अर्धा बहिरा आहे तो!"

"म्हणूनच आज त्याला विचारणार नाही. गाडीला विचारू," बाई म्हणाल्या. "शर्यतवाले, लाल गाडी लावा आणि लगेच रेस द्या."

"थंड गाडीला? बरं, तुम्ही म्हणता म्हणून."

इंजिन लागलं, चढलं, गुरगुरलं, आणखी चढलं. आवाज मोठा झाला, पण बदलला नाही. बाईंनी हाताने थांबवलं.

"आता पांढरी."

पांढरीने वर चढताच गळा बदलला आणि ती खणखणीत ओरडली.

"अरेच्चा!" डॉक्टर म्हणाले. "ही थंडपणीच ओरडते!"

"डॉक्टर, तेच! पांढरीची झडप इंजिनाच्या हवेच्या ओढीवर हलते, तिला थंड-गरम सारखंच. लाल गाडीचे व्हॉल्व्ह तेलाच्या दाबावर बदलतात. तेल तापेपर्यंत ती तो बदल होऊच देत नाही. मग आत्ताच लावलेल्या गार गाडीचा मोकळा घसा यांनी ऐकला कसा?" बाई काकाकडे वळल्या. "ऐकलाच नाही. यांनी आयुष्यभर एकच डबा विकला, तो थंडपणीही ओरडतो. खोटं रचताना यांनी आपल्या डब्याचा आवाज भावाच्या गाडीला लावला."

"विसरलो असेन! दुःखात माणूस..."

"माणूस वेळ विसरतो. तुम्ही न झालेली गोष्ट आठवलीत, कारण निघताना दादा जिवंत होता आणि चाचणी चालू होती, असं दाखवायचं होतं. ते नेहमीसारखे गाडी तापवत बसले होते. शिंप्याने ऐकली ती तीच घरघर. पंखा मीच लावला म्हणता, तर कात्री वाजली नाही. पंखा जळाला म्हणता, तर बटण दाबताच तो फिरला. बटण कोणी दाबलंच नव्हतं."

"पण का?" डॉक्टर कळवळून म्हणाले.

बाईंनी पांढरीचं बॉनेट उघडलं. "काल ही मोजून घेतली. डब्याने ताकद काडीचीही वाढत नाही. झडपेमागे पातळ पत्रा बसवलाय, तो नुसता गुंजतो. गिऱ्हाईक आवाज ऐकून खूश. दादांचा निकाल छापला असता तर हा धंदा तिथेच बसला असता."

काकाने तोंड पुसलं. मग चक्क हसला, वर्गात सापडलेल्या मुलासारखा ओशाळून.

"मी काही मारलं नाही हो. बटण दाबलं नाही, एवढंच. वाटलं, चक्कर येईल, चाचणी पुढे जाईल. तो उठून बाहेर येईल म्हणून वाट पण पाहिली मी."

"कुठे?" लेकीने विचारलं.

"काचेपाशी."

शर्यतवाला तोंड फिरवून थुंकला. फौजदाराने काकाचा दंड धरला. जाता जाता काका तिच्यापाशी थांबला. त्याच्या अंगाला बाबांच्याच साबणाचा वास येत होता.

"बाळ, दादा असता ना, तर त्याने मला माफ केलं असतं."

आणि ते खरं होतं. सगळ्यात ओंगळ तेच होतं. बाबा उठले असते, खोकले असते आणि म्हणाले असते, राहिलं असेल रे, भाऊ आहे.

फाटक लागलं. डॉक्टर तिला सावरायला पुढे आले, बाईंनी त्यांना बाहीला धरून मागे ओढलं. लेक फुटक्या काचेच्या खोलीत एकटी शिरली.

"हो, केलं असतंत माफ," ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या खोलीत तिचा आवाज तिलाच परका वाटला, पण ती थांबली नाही. "बाबा, तुमच्या या चांगुलपणाची मला किळस यायची. त्याची घाण तुम्ही उपसायचात आणि त्याला प्रेम म्हणायचात. मला तुम्ही चांगले नको होतात, बाबा. मला तुम्ही हवे होतात."