रिकाम्या काट्याचं वजन

नेसरी फाट्याजवळच्या त्या वजनकाट्यावर मी एका मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कसाठी गेले. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायला कोल्हापुरात आता फारसं कुणी उरलेलं नाही, म्हणून मला बोलावणं येतं. काट्याचे मालक शिवशरण यांचा कॉम्प्युटर सत्त्याण्णव सालचा, काळ्या पडद्याचा. उसाच्या ट्रॅक्टरचं वजन अजून त्याच्यावरच व्हायचं.

"हंगाम तोंडावर आलाय, म्याडम," ते म्हणाले. "उद्या दारात ट्रॅक्टर लागत्यात."

डिस्क खरखरत होती, तरी तिची नक्कल निघाली. ती एका छोट्या मेमरी कार्डावर उतरवून मी डिस्कच्या जागी जोडली. प्रोग्रॅम सुरू झाला. खिडकीबाहेर काट्याचा लोखंडी प्लॅटफॉर्म उन्हात रिकामा पडला होता. पडद्यावर आकडा होता सत्तर किलो.

शून्याची कळ दाबली. क्षणभर शून्य, मग पुन्हा सत्तर. प्लॅटफॉर्मखालच्या खड्ड्यात उतरून पाहिलं. ना दगड, ना चिखल, वायरी कोरड्या ठाक. डिस्कसोबत बिघाडही कार्डावर उतरला असणार, असं मी धरलं.

"जुना बॅकअप आहे का?"

"हाय की." त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. दर दसऱ्याला काढून ठेवलेल्या फ्लॉप्या, प्रत्येकीवर साल लिहिलेलं.

दोन हजार दहाची फ्लॉपी चढवली. चाळीस किलो.

शिवशरणांच्या पत्नी गौराबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "तेरा वर्साचा," त्या हळूच म्हणाल्या.

दोन हजार तीनची चढवली. वीस.

"सा वर्साचा."

"गप ऱ्हा की!" शिवशरण ओरडले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "काटा बसवला त्या साली ल्योक झालता. बारसंबी न्हाय झालं. हितंच खड्ड्याच्या कडंला माती दिली त्येला."

चहाच्या कपांवर साय धरत होती. कुणी हात लावला नाही.

गौराबाई माझ्याजवळ आल्या. "म्याडम, ते सत्तरचंच ऱ्हाऊ द्या. मागं न्हिऊ नगासा. मोठा झालाय त्यो."

"आन् शेतकऱ्याला काय सांगू?" शिवशरणांचा आवाज चिरकला. "खोट्या काट्यावर कोण गाडी घालंल? लावा पयली फ्लॉपी."

काटा त्यांचा होता. मी सत्त्याण्णवची फ्लॉपी सरकवली. ड्राइव्ह बराच वेळ कुरकुरला.

शून्य.

पाच किलोखालचं वजन तो काटा दाखवतच नाही, म्हणून नुसत्या शून्यावर न विसंबता मी स्वतः प्लॅटफॉर्मवर उभी राहून आले. माझं वजन बरोबर आलं. मी उतरल्यावर पुन्हा शून्य. शिवशरणांनी डोळे मिटून श्वास सोडला.

गौराबाई बाहेर गेल्या होत्या.

त्या प्लॅटफॉर्मच्या मधोमध वाकल्या. पदर पसरला. दोन्ही हातांनी काहीतरी उचललं, अगदी सावकाश, एक तळवा मानेखाली ठेवावा तसा.

तशाच त्या आत आल्या. हात वाकलेले, छातीशी धरलेले.

शिवशरण भिंतीला टेकले.

"दार लोटा," गौराबाई माझ्याकडं बघून कुजबुजल्या. "वारं लागंल."