खडकाच्या नाकाडापलीकडचं फूल

त्या फुलाचा एक स्पष्ट फोटो हवा होता. फक्त एक! उद्या अकराला सुनावणी होती आणि परवापासून खाणवाले कड्याला सुरुंग लावणार होते. ते फूल या कड्याशिवाय जगात दुसरीकडे कुठं उगवत नाही, असं ताई बारा वर्षं कंठशोष करून सांगत होती. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली, पण अर्जांची फाइल काही तिच्या हातातून सुटली नाही. "पुरावा आणा," एवढंच कचेरीतले साहेब म्हणायचे.

पुरावा आणायचं काम धाकट्या भावाकडे. हा चष्मेवाला. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याच्या काचा घासायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून फुलं आणि समुद्रकिनारे टिपत हिंडायचं. हौस दांडगी, पण या फुलानं त्याची पार जिरवली होती. तीन खेपा झाल्या. पहिल्या वेळी धुकं, दुसऱ्या वेळी वारा, तिसऱ्या वेळी ऐन क्षणी बॅटरीनं मान टाकली. आज चौथी खेप, आणि शेवटची.

ताईचे गुडघे गेलेले, म्हणून ती वर कड्यावर गाडीपाशी थांबली. खाली उतरले चष्मेवाला आणि दाजी, म्हणजे ताईचे यजमान. दाजींना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भीती तर अशी, की बादलीसुद्धा ते जरा जपूनच उचलत. तरी आले. "तुझ्या बहिणीनं पाठवलंय. तू वेडेपणा करू नयेस म्हणून," ते म्हणाले.

समुद्रात घुसलेल्या खडकाच्या नाकाडाला वळसा घालून पलीकडच्या कपारीत जायचं. ही वाट फक्त ओहोटीला उघडी, आणि आज ती दहापर्यंत होती. मोबाइल गाडीतच ठेवले होते. पाण्याजवळ ते नकोत हा चष्मेवाल्याचा नियम. मनगटी घड्याळही तो घालत नसे आणि दाजींनाही घालू देत नसे, कारण पट्ट्याच्या बकलानं कॅमेऱ्यावर चरे पडतात! वेळ पाहायची ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर.

फूल डोक्याच्या उंचीवर, दगडाच्या फटीत होतं. सदऱ्याच्या बटणाएवढं, जांभळं, देठ दोऱ्यासारखा. वाऱ्याची नुसती झुळूक आली तरी ते थरथरायचं. दाजी छत्री उघडून आडोसा करून उभे राहिले. चष्मेवाला श्वास रोखून वाट पाहायचा, बटण दाबायचा, चित्र मोठं करून बघायचा आणि कपाळाला हात लावायचा. हललं. पुन्हा हललं! दाजींचे हात भरून आले, छत्री दोनदा उलटी झाली, आणि कितीतरी वेळ असाच गेला.

मग वारा पडला. खट्!

त्यानं चित्र मोठं केलं. पाकळीवरची लव न् लव दिसत होती. "दाजी! आलं! अहो, आलं बघा!"

"छान झालं. पण माझ्या बुटात पाणी का येतंय?"

चष्मेवाल्यानं पडद्यावर पाहिलं. सव्वानऊ. अजून पाऊण तास होता की! मग हे पाणी?

आणि मग त्याला आठवलं. मागच्या खेपेला बॅटरी पार उतरली तेव्हा कॅमेऱ्यातलं घड्याळ पुसलं गेलं होतं. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना त्यानं ते घाईघाईनं पुन्हा लावलं. त्या घाईत तासाचा आकडा एकानं कमी पडला होता!

"दाजी, सव्वादहा वाजलेत. पळा!"

दोघं नाकाडाकडे धावले. तिथं वाट राहिलीच नव्हती. पाणी छातीपर्यंत आलेलं. एक लाट आली आणि तिनं दोघांना उचलून खडकावर आपटलं. काच फुटल्याचा आवाज झाला. कॅमेरा संपला! चष्मेवाल्यानं रांगतच त्यातलं फोटोंचं कार्ड उपसून काढलं. खिसे लाटेनं उलटे करून टाकलेले. दुसरी जागाच नव्हती, म्हणून त्यानं ते दातांत धरलं.

आता एकच मार्ग उरला होता: कड्यातली उभी भेग. पहिली पायरी फार उंच होती. त्यानं पाठीला अडकवलेली कॅमेऱ्याची तीन पायांची तिकाटी घडी करून भेगेत आडवी ठोकली आणि तिच्यावर पाय देऊन वर चढला. दाजींना खुणेनं बोलावलं.

दाजी तिकाटीवर चढले. रडत चढले. "मला नाही जमत रे! तू जा. तिला सांग, मी..." पुढचं वाऱ्यानं नेलं. चष्मेवाल्यानं खाली वाकून हात लांब केला. वीतभर कमी पडत होता. दाजींची नजर दगडावर खिळलेली. आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून ती लाट येताना त्याला दिसली. घराएवढी! दाजींना ती दिसत नव्हती. डाव्या गुडघ्याजवळ चांगली खोबण होती, तीही त्यांना दिसत नव्हती.

ताईची बारा वर्षं त्याच्या दातांत होती.

"दाजी! डावा पाय वर! खोबण आहे! आत्ता!"

पाय वर गेला. हात हातात आला. त्यानं सगळा जीव एकवटून ओढलं. लाट फुटली, तिकाटी घेऊन गेली, आणि दाजी त्याच्या अंगावर कोसळले.

वरचा उतार दोघांनी गवताला धरून, सरपटत पार केला. ताई लंगडत धावत आली. आधी तिनं नवऱ्याला चाचपलं, हात, पाय, डोकं. मग भावाकडे वळली.

"फोटो मिळाला?"

"मिळाला होता. अगदी स्पष्ट."

"कार्ड कुठंय?"

"तोंडात धरलं होतं, ताई."

"मग?"

त्याच्यानं ताईकडे बघवेना. "दाजींना हाक मारली."

खाली परवा फुटणाऱ्या कड्यावर लाटा आपटत होत्या. ताईनं पदरानं भावाचं ओलं डोकं पुसलं. "बरं केलंस," ती म्हणाली आणि तिथंच गवतावर बसून, दाजींचा हात घट्ट धरून मोठमोठ्यानं रडू लागली.